फनेल काढायचं राहिलं होतं

ताई,

तुझ्या चहावर साय धरली तरी तू उठली नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. प्रयोगशाळेतल्या नोकरीची प्रॅक्टिकल परीक्षा आज पुन्हा आहे. सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "कशाला जिवाला घोर लावून घेतेस, बाई?" घोर लागलाच आहे.

गेल्या वेळी ब्युरेट, म्हणजे ती मापाची काचनळी, भरली, पण वरचं फनेल काढायचं राहिलं. त्यातून थेंब गळत राहिले आणि रीडिंग चुकलं. मी मात्र घरी येऊन म्हटलं, मला हे जमतच नाही. तू आणि भाऊजी, दोघांनीही मान डोलावलीत. तेव्हापासून कॉलेजच्या बाईंकडे सराव करते आहे. अजूनही चुकते, पण आता कुठे चुकते ते कळतं.

माझ्या पिल्लूचं औषध फ्रीजच्या दारात आहे, जेवल्यावर दे. आई कुठे गेली विचारलं तर खरं सांग.

भाऊजी त्यांच्या दुकानातल्या कामाचं विचारतात आणि मी कधीची "बघू, बघू" करते आहे. आत्ता ओट्यापाशी उभी राहून मोठ्यांदा म्हणून पाहिलं: "भाऊजी, मी दुकानात येणार नाही. नापास झाले तर परत परीक्षेला बसेन."