जे नाव कुणी घेत नाही

४ मे १९५८, रेवदंडा

पाच! कोळीवाड्यात आज पाचवं माणूस गेलं. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, सुरकुतलेली बोटं. तीस वर्षं नर्स होते मी — मला कॉलरा ओळखता येत नाही? तालुक्याच्या डॉक्टरने वहीत लिहिलं: अतिसार.

कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की मदर साबणाने जीभ धुवायच्या. सरकारची कुणी धुवायची?

५ मे

डॉक्टरला गाठलं. पंचविशीचा, कडक इस्त्रीचा.

"बाई, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"झाले. आंधळी नाही झाले."

मग त्याचा आवाज खाली आला. ते नाव लिहिलं की इथून मुंबई, मुंबईहून दिल्ली, आणि दिल्लीहून चोवीस तासांत जिनिव्हाला तार — आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा. मग बंदराचं नाव यादीत. हजच्या बोटी अडणार, परदेशात नाचक्की. "वरून तोंडी सांगणं आलंय, बाई. घरच्या कुणी जबाब दिला तर मला लिहावंच लागेल. पण देतंय कोण?"

तोंडी! लेखी द्यायला शाई संपली असेल.

नाव नाही, म्हणून लस नाही, सलाईन नाही, विहिरीला कुलूप नाही. आणि बायका त्याच विहिरीवर घागरी भरताहेत.

६ मे

आवडाबाई पुन्हा दिसली. भर दुपारी, विहिरीच्या कठड्याशी, हातात रिकामा तांब्या. म्हसळ्याची आवडाबाई — मरून चौदा वर्षं झाली. बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ मे

शेजारच्या रंगूचा अनंता गेला. एकुलता एक. सून राही पोटुशी.

मी म्हटलं, "रंगू, डॉक्टरला जबाब दे." तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "नाव घेव नको, बाय! आय ऐकते. नाव घेतलं का तिला हाक मारल्यासारकं." आय म्हणजे रोगाची देवी. डॉक्टर आला तेव्हा म्हणाली, "शिळी कोलंबी बाधली त्याला."

तिकडे दिल्ली भिते, इकडे रंगू. एकाच शब्दाला! त्यातल्या त्यात रंगूची भीती खरी.

९ मे

आज आईची पाठवणी होती. लहानसं लाकडी होडकं, आत हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात. ओहोटीला सोडायचं, म्हणजे ती रोग घेऊन खाडीबाहेर जाते.

तर नेमकी जिल्ह्याच्या साहेबांची लाँच आली, पाहणीला! बुधाजी पाटलाने सगळ्यांना घरात कोंडलं — साहेबाच्या नजरेला पडलं तर मुंबईच्या होड्या बंद होतील, सुकट पडून राहील. साहेब शहाळी प्याले, "गावात शांतता आहे" म्हणाले आणि गेले. तोवर पाणी फिरलं होतं.

"बुधाजी, भरती लागली."

"मला शिकवतं का, बाय? पन निघालेली आय परत घरात कशी नेव?"

सोडलं. सगळ्यांना कळत होतं. एकानेही मान वर केली नाही.

१० मे

होडकं परत आलं. रंगूच्याच परसात, जाळी वाळवायच्या काठ्यांना अडकलं. लुगडं भिजलेलं, लिंबं जशीच्या तशी. कुणी हात लावेना.

आत राहीला पहाटेपासून जुलाब.

रंगू माझ्या दारात आली. डोळे कोरडे. "जात न्हाय ती. चल बाय, मी सांगते नाव."

डॉक्टरसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "पटकी. लिव. माजा अनंता पटकीनं गेला. कोलंबीचं मी खोटं बोलले." अंगठा उठवला. डॉक्टरने लिहिलं.

११ मे

तार गेली. सलाईन आली. विहिरीला कुलूप, होड्या बंद. पाटील रस्त्यात उभा राहून मला शिव्या देतो. देऊ दे. राहीने संध्याकाळी डोळे उघडले.

१२ मे

डॉक्टर आभार मानायला आला. "बाई, तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असती तर—" आवडाबाई त्याच्या मागेच उभी होती. तांब्या घेऊन.

मी म्हटलं, बस. कागद काढ. माझाही जबाब घे — म्हसळा, १९४४, अकरा माणसं. मलाही तोंडीच सांगणं आलं होतं. रजिस्टरात अकरा वेळा 'अतिसार' आहे. अक्षर माझं.