साहेबांची गुपितं आणि माझी पेटी

३ मार्च
नवं काम! साहेबांचं बोलणं कुणाला कळू नये अशी पेटी बनवायची. तसंही ते कुणाला कळत नाही — तरी पेटी हवीच. बोगद्याच्या कामावर रेडिओचा चॅनेल एकच. ट्रकवाले, फोरमन, खानावळवाली, सगळे ऐकतात. साहेब म्हणतात, 'अहो बाई, गोपनीयता काही असते की नाही?'
असते. बनवते.

६ मार्च
चॅनेल इतका अरुंद की माणसाचा आवाजच जेमतेम मावतो. तो झाकायला वर दुसरा आवाज घालायला जागा नाही. म्हणून आहे तोच आवाज उलटा केला — बारीक सूर खाली, जाड सूर वर. बोगद्याकडची दुसरी पेटी तो सुलटा करते. मधल्यांना नुसती बदकांची सभा!
पहिला परमगुप्त निरोप: पाहुण्यांच्या खोलीत माझ्यासाठी जाड गादी टाका.

११ मार्च
खानावळवाली रेडिओवर — 'बाई, मिळाली का हो साहेबांना गादी?'
पाच दिवस कान देऊन उलटा आवाज शिकली! माझी पदवी तिलाच देऊन टाकावी.

१९ मार्च
आता आवाजाचे पाच पट्टे कापून जागा बदलल्या. क्रमही सारखा बदलतो. खानावळवालीने हात टेकले. नवरा तिकडेच असतो, बोगद्यातल्या पंपावर. म्हणाला, 'अगं, साहेब गुळण्या करताहेत असं वाटतं.' कौतुकच म्हणायचं.

२४ मार्च, सकाळ
साहेब बोलताना मी हेडफोन लावून आवाज तपासते. मलाही कान आहेत, हे त्यांच्या गावीही नाही.
तिकडचा इंजिनियर: 'छताचा तडा वाढतोय, साहेब. माणसं बाहेर काढू?'
साहेब: 'परवा पाहणी आहे. तोवर चकार शब्द नको. काम चालू ठेवा.'
मग माझ्याकडे वळून — 'वा! काय स्वच्छ ऐकू येतं हो!'
हो ना. अक्षर न् अक्षर.
साहेब चहाला गेलेत. माईक टेबलावरच आहे.

२४ मार्च, संध्याकाळ
पेटी बंद केली. माईक घेतला. सगळं सांगून टाकलं, साध्या आवाजात, सगळ्यांना. इंजिनियरनेच भोंगा वाजवला. माणसं बाहेर आली. चार वाजता छत बसलं.
साहेबांनी मला तिथल्या तिथे कामावरून काढलं. माईक काढून घ्यायचं मात्र विसरले. नवरा चॅनेलवर आला — 'मी आहे गं.' 'ये घरी,' एवढंच म्हटलं. सगळे ऐकत होते. मध्ये कुणीच बोललं नाही.