ॲनिमोनीची मान

बाबा, सकाळपासून मी दुकानात चार बादल्यांभोवती फिरतेय. बसले की उठते, उठले की पुन्हा पाणी बघते. उद्या इथे अमरावतीत एका मुलीचं लग्न आहे आणि तिला हातात धरायला ॲनिमोनी हवी होती. तुम्ही हे फूल पाहिलं नाहीत. कागदासारख्या पांढऱ्या पाकळ्या, मधोमध काळाभोर डोळा, देठ पालकाच्या देठाइतका मऊ. पहाडातून दिल्ली, तिथून विमानानं नागपूर, मग गाडीनं माझ्याकडे. खोकं उघडलं तर सगळ्यांच्या माना खाली. माझ्यासोबत काम करणारी बाई म्हणाली, "ताई, हे तं मेले. फेका."

मी फेकली नाहीत. देठांची टोकं कापली, माना सरळ राहाव्यात म्हणून चार-चार फुलं कागदात गुंडाळली आणि चार बोटं गार पाण्यात उभी केली. शेंदूरजनाघाटहून कुणी आणलेली संत्र्यांची पिशवी कोपऱ्यात होती, तीही बाहेर नेऊन ठेवली. फळांजवळ फुलं लवकर मान टाकतात. मग करायला काही उरलं नाही, आणि तेच मला जमत नाही. दर दहा मिनिटांनी कागद उघडून बघत होते. ती बाई शेवटी वैतागली, "त्यायले पाणी तं पिऊ द्या जरा!"

तेव्हा तुम्ही आठवलात. मी चौदा वर्षांची आहे. पहाटे तोडलेला निशिगंध ओल्या गोणपाटात बांधून आपण बार्शीटाकळीच्या स्टँडवर आलोय, अकोल्याच्या बाजाराला निघालोय. मला गठ्ठ्याजवळ बसवून तुम्ही गाडीची चौकशी करायला जाता. मैत्रीण भेटते, मी बोलत बसते, ऊन सरकत गठ्ठ्यावर येतं. तुम्ही परत येता, गोणपाटाला हात लावता. कोरडं. मला वाटतं आता थोबाडीत बसेल. तुम्ही एवढंच म्हणता, "तोडलं म्हनजे मेलं, असं समजून राहिली का तू?" अकोला येईपर्यंत तुम्ही आपला ओला दुपट्टा त्या गठ्ठ्यावर धरून बसलात, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी खाली मान घालून भाकरी खात होते, तर तुम्ही तुमची फुलं कापायची सुरी माझ्या ताटाजवळ ठेवली. "उद्यापासून तू तोडजो." आई म्हणाली, पोरीच्या हातात काहून देता? तुम्ही सुरी तिथेच राहू दिलीत.

तीनच्या सुमाराला नवरी मुलगी स्वतःच आली. मी कागद सोडले. देठ ताठ झाले होते, पण फुलं घट्ट मिटलेली. तिचा चेहरा उतरला. "काकू, हे तं उमललेच नाहीत. आता काय करू मी?"

"थांब. यायले उजेड पायजे," म्हणत मी बादल्या दारात ओढल्या. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून राहिलो. तासाभरात एकेक डोळा दिसायला लागला. काही नाहीच उमलली, ती मी बाजूला काढली. बाकीची उद्याला पुरतील. मुलगी हसत गेली. मला मात्र अजून बसवत नाहीये.

कारण एक गोष्ट बोलायची राहिली आहे. तुम्ही अकोल्याच्या दवाखान्यात होतात तेव्हा दादाचा सकाळीच फोन आला होता, "लवकर ये, बाबा तुलेच विचारून राहिले." मी दुपारी पोहोचले, तुम्ही गेला होतात. मूर्तिजापूरजवळ रस्ता अडला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. दादा अजूनही तेच खरं मानतो, म्हणून हे पत्र त्यालाही दाखवणार नाही. रस्ता मोकळा होता, बाबा. एका मांडवातले गुलाब पाण्यात लावायचे राहिले होते. तासाभराचं तर काम, असं वाटलं. ते लावूनच मी निघाले.

आज तो फोन आला असता तर मी या बादल्या सोडून लगेच निघाले असते का, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.