एकेचाळीस जागा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. (मोजत बसू नकोस, या खेपेला कमीच आहेत.)

तू घरी बनवलेली सीडी परवा मिळाली. वेष्टनावर बाबांचा दुकानातला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘बाबांच्या आठवणी : संपूर्ण’. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्याला शोभेल असं काम. काल दुपारी शिवणवर्गाच्या मुली गेल्यावर दार लावून ऐकायला बसले. बाबांचा आवाज असा स्वच्छ, की डोळ्याला भिंग लावून समोर घड्याळ उघडून बसलेत असं वाटावं. पण आई कुठे आहे?

त्या कॅसेटी भरल्या तेव्हा मी त्याच खोलीत होते. बाबांची दोन वाक्यं झाली की तिसरं आतून आईचं असायचं. तुझ्या सीडीत बाबा सांगतात की दुकान त्यांनी एकट्याच्या हिमतीवर उभं केलं. कॅसेटमध्ये त्यावर आईने लगेच सुनावलं होतं की पहिले दोन महिने तुम्ही तापाने अंथरुणात होता, शटर मी वर करत होते. आणि बाबांनी ते कबूलही केलं होतं. ते कुठे गेलं? आईचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही, हे तुला ठाऊक आहे.

बाकी ठीक. पारव्यांना घाबरवायला तू पाठवलेल्या बिघडलेल्या सीड्या गॅलरीत टांगल्या आहेत. पारवे त्यांत बघून पिसं नीट करतात.

लोभ आहे. तो वाढवायच्या भानगडीत सध्या पडू नकोस.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे धरलेत, सातांवर भागव.)

तीन महिन्यांचे सगळे रविवार मी त्या संगणकापुढे घातले. तू एकदाही फिरकली नाहीस, आणि आता उंटावरून शेळ्या हाकतेस. कॅसेट लावायची, ती संगणकात उतरवायची, खरखर काढायची, तुकडे जुळवायचे आणि मग सीडी जाळायची. होय, ‘जाळायची’ असंच म्हणतात. प्रोग्रॅममध्ये आवाजाची लाट पडद्यावर दिसते. नको तो भाग निवडला आणि कळ दाबली की गेला. बाबांच्या बोलण्यात एकेचाळीस ठिकाणी व्यत्यय होता, तो मी काढला. सगळ्या जागांची यादी मिनिट-सेकंदांसह ठेवली आहे. त्यातल्या काहींत आई असेल. मजकूर बाबांचा होता, ताई. मध्येच दुसऱ्याची वाक्यं आली तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

मूळ परत मागू नकोस. शेवटी प्रोग्रॅम विचारतो की जुन्यावरच साठवू का. मी हो म्हटलं. नवं मुद्रित आलं की जुनं फाडायचं, नाहीतर नेमकं चुकीचंच छापलं जातं, हे मी छापखान्यात तीस वर्षं पाळलं आहे. त्याच हिशेबाने कॅसेटीही भंगारात दिल्या.

लोभ कमी करायचा असेल तर आधी यादी बघ.

तुझा धाकटा

१६ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद शिल्लक नाहीत.

तुझी यादी ठेव जपून, आईची तेवढीच आठवण तुझ्याकडे उरली आहे. जन्मभर त्या घरात तिचं वाक्य कोणी पुरं होऊ दिलं नाही. बाबा तोडायचे, मी तोडायचे, तू तर तोंडात घास असताना तोडायचास. पण आम्ही तोडलं तरी ती पुन्हा बोलायची. तू यंत्र लावून कायमचं तोडलंस, आणि वर ‘संपूर्ण’ छापलंस. छापखान्यात एक अक्षर सुटलं तर आठवडाभर तोंड पाडून बसणारा तू, तुला आख्खी आई सुटलेली दिसली नाही?

येऊ नकोस. फोनही करू नकोस.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. या वेळी आठही अंगांनी.

तुझं पत्र बायकोने वाचलं. तिने एवढंच विचारलं की उद्या माझं बोलणंही व्यत्ययातच धरणार का. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. घर फार स्वच्छ ऐकू येतं.

मी ती यादी घेऊन बसलो. आठ मिनिटं दहा सेकंद : व्यत्यय. अकरा मिनिटं चाळीस सेकंद : व्यत्यय. सगळीकडे माझंच अक्षर, आणि ती काय म्हणाली ते एकाही ठिकाणी नाही. मी ऐकलंच नव्हतं, ताई. लाट उंच दिसली की कापत होतो.

एक आठवलं. अगदी पहिली सीडी मी काहीही न कापता जाळून पाहिली होती. ती अर्ध्यावर अडकली, म्हणून बिघडलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकली. तो गठ्ठा तुझ्या पारव्यांकडे आहे. तिच्यावर निळ्या शाईने ‘कच्चे मुद्रित’ लिहिलं असेल. फाडायची राहून गेलेली तेवढी एकच. उन्हाने गेली नसेल तर बघशील?

लोभ मागायचं तोंड नाही.

धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, एक.

सापडली. तुळईच्या बाजूला, दोऱ्यावर तिसरी. साबणाने धुतली, शिवणवर्गातल्या मलमलीने पुसली. तीनदा यंत्राने बाहेर फेकली, चौथ्यांदा घेतली. बावीस मिनिटं वाजते.

आई आहे. शटर आहे. बाबा ज्या गिऱ्हाइकाला राजामाणूस म्हणतात, तो घड्याळ न्यायला कधी आलाच नाही, हेही ती सांगते. तू मध्येच पाणी मागतोस, तीही जागा तू कापली असणार. खरखर इतकी की कान लावून बसावं लागतं. आपण तिच्यासाठी पहिल्यांदाच तसे बसलो, म्हणजे मी बसले.

शेवटी बाबा म्हणतात की आता तूच सांग, मी मध्ये बोलणार नाही. आई खुर्ची ओढते, घसा साफ करते. तिथे तुझी सीडी अडकते.

पुढचं मला आठवत नाही. मी तेव्हा उठून गेले होते. ऐकलंच नाही म्हणतोस, तरी कापताना ते तुझ्या कानावरून गेलं असणार. रविवारी ये, आठवून सांग. संगणक आणू नकोस, ती यादी आण. माझा राग गेलेला नाही, तो इथेच तुझी वाट बघत बसलेला असेल. बायकोला घेऊन ये, आणि वाटेत तिला बोलू दे.

ताई