टर्बो की हायब्रिड, आणि मामांकडे एक मागणं

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमची साखर आणि मामीचा गुडघा दोन्ही आटोक्यात असतील असं समजतो.

नव्या गाडीची हकिगत अशी. तुम्ही फोनवर 'टर्बोच घे, चढावर दम धरते' असं बजावलंत आणि नेमकं त्याच दिवशी हिने पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडचं नाव काढलं. घरात उभे दोन पक्ष. शेवटी दोन्ही चालवून बघायचं ठरलं. टर्बोवर जरा पाय दिला तर ती अशी उसळली, की मागे बसलेल्या हिने थेट आईला हाक मारली (सासूबाई तेव्हा दुसऱ्या गावी होत्या). हायब्रिडची तऱ्हा उलटी. बटण दाबलं, आवाज नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. विक्रेता अदबीने म्हणाला, "साहेब, चालू झालेली गाडी तुम्ही बंद केलीत." असं आणखी दोनदा झालं.

पण दहा वर्षांनी धड कोण राहील? आपल्या मेकॅनिकला विचारलं. त्याच्या मते टर्बोला उष्णता फार सोसावी लागते. तेल वेळच्या वेळी बदललं तर कुरकुर नाही, चालढकल केली तर रडवते. हायब्रिडमध्ये इंजिनाला अधूनमधून विसावा मिळतो, ब्रेकही कमी झिजतात, पण बॅटरीला वय असतं आणि ती बदलताना डोळे पांढरे होतात. त्याच्याकडे कुठली आहे विचारलं, तर म्हणाला, "सायकल. दिवसभर इंजिनंच बघतो की!"

परतताना विचार करत होतो. जोरात धावणाऱ्याचा ताण दिसत नाही, गुपचूप चालणाऱ्याचं वय दिसत नाही; खात्री द्यायची कुणाची? तर ही म्हणाली, "अहो, दहा वर्षांचं राहू द्या. आत्ता गाडीत कोण बसणार, ते बघा."

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. हायब्रिड घेतली. रागावू नका.

आणखी एक ता. क. मागच्या आठवड्यात गाडी काढताना तुम्ही फाटकाचा खांब पाडलात, आणि मामी आत बसलेली होती, हे तुमच्या शेजाऱ्यांकडून कळलं. ('खांबच जुना होता' हेही कळलं.) रविवारी येतो. तुमच्या गाडीची किल्ली मला द्या. दवाखाना, बाजार, कुठेही जायचं असलं की फोन करा; अर्ध्या तासात दारात हजर होईन. ज्यांनी मला क्लच सोडायला शिकवला, त्यांच्याकडे किल्ली मागायची जीभ रेटेना, म्हणून एवढं इंजिनपुराण लावलं. तुम्ही पुढेच बसा, आणि माझ्या चालवण्याला वाटेल तेवढी नावं ठेवा. मी उलट बोलणार नाही.