आमची गादी टर्मिनल झाली

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून (पत्रातल्या पत्रात, प्रत्यक्षात वाकले की माझीच कंबर धरते) भाचीचा नमस्कार.

मामींचा खोकला कसा आहे? आणि तुमचा गुडघा? मागच्या फोनवर तुम्ही ‘बरा आहे’ म्हणालात, पण मागून मामींचा ‘कुठला बरा!’ असा आवाज आला, तेव्हा खरं काय ते मामींनीच कळवावं. इकडे आम्ही सुखरूप. ह्यांचा रक्तदाब ह्यांच्या ताब्यात आहे, माझा ऑफिसच्या. तेच सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, मधेच माझं एखादं क्रियापद धरून बसता आणि मूळ गोष्ट बिचारी दारातच ताटकळते.

मी गाद्यांच्या कारखान्यात तक्रारींच्या खिडकीत बसते हे तुम्हाला ठाऊकच आहे. गादी खचली, शिवण उसवली, खोळ धुतल्यावर आटली, असं घेऊन लोक येतात, ओरडतात, मी ऐकून घेते आणि गादी बदलून देते. साधं काम. तर मध्यंतरी मालकांनी नवे साहेब आणले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. डबा एकटे खात नाहीत, कुणाचं मूल आजारी असलं तर न मागता घरी सोडतात. पण तोंड उघडलं की इंग्रजी, आणि तेही हवा भरलेलं. साहेब कुठलीही वस्तू यूज करत नाहीत, युटिलाइज करतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना जमवून म्हणाले, या कारखान्यात आजपासून प्रॉब्लेम हा शब्द बंद, इथे फक्त चॅलेंज असतील. दुसऱ्या दिवशी शिलाई खात्यातले पंखे बंद पडले. मुकादमाने जाऊन ‘पंख्यांचं चॅलेंज आहे’ म्हणून सांगितलं, तर साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि ‘मग स्वीकारा की!’ म्हणून परत पाठवलं. शिलाईवाल्या बायका घामाने निथळत ते चॅलेंज स्वीकारत बसल्या.

मग आली पदांची पाळी. फाटकावरचा वॉचमन ‘ॲक्सेस मॅनेजर’ झाला. छातीवर बिल्ला लागल्यापासून तो फाटकच उघडेना. मॅनेजर कधी फाटक उघडतो का, हा त्याचा प्रश्न. शेवटी ट्रकचा भोंगा ऐकून मालक स्वतः लुंगी सावरत आले नि कडी काढून गेले. चहावाल्या मावशी ‘हॉस्पिटॅलिटी पार्टनर’ झाल्या, तेव्हा मालकांच्या बैठकीत ट्रे ठेवून तिथेच खुर्ची ओढून बसल्या. (पार्टनर म्हटल्यावर उभं का राहायचं? त्यांचं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही.) माझ्या खिडकीवर ‘लिसनिंग सेंटर’ अशी पाटी लागली आणि त्याच दिवशी एक आजोबा कानाचं यंत्र दुरुस्तीला घेऊन आले. इथे गाद्या मिळतात हे मी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होते, पण यंत्रच बंद, त्यांना काय ऐकू येणार? अखेर मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्यात बसतो का बघितलं. बसला नाही. पण आजोबा जाताना आशीर्वाद देऊन गेले.

याशिवाय लिटरली आहेच. साहेब काल हसून हसून लिटरली मेले. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, मग आज हजेरीपटावर सही कुणाची? पण या सगळ्यावर कडी केली ती बाहेर लावलेल्या भल्यामोठ्या फलकाने. साहेबांच्या मते फेमसच्या वरची पायरी म्हणजे इन्फेमस. त्यामुळे फलकावर ठळक अक्षरात लिहिलं, की ही शहरातली सर्वांत इन्फेमस गादी. मी धीर करून सांगितलं, साहेब, याचा अर्थ बदनाम असा होतो. साहेब प्रेमाने म्हणाले, ‘तुम्ही फार निगेटिव्ह बघता.’ गंमत म्हणजे गर्दी वाढली. लोक गादीभोवती फिरायचे, हात न लावता वाकून बघायचे. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, ‘बाई, हिच्यावर नेमकं झालं तरी काय होतं?’

इथवर मी हसत होते, मामा. पण त्यानंतर हॉस्पिटलच्या गाद्यांचं काम आलं तेव्हा हसू पळालं. शहरातलं मोठं हॉस्पिटल, सगळ्या वॉर्डांच्या गाद्या बदलायच्या. हे काम मिळालं नाही तर शिलाई खात्यातल्या निम्म्या बायकांना घरी बसवावं लागेल, असं मालक मुकादमाला सांगून गेले होते. त्या बायका दुपारी जेवताना एरवी कसला कलकलाट करतात, पण त्या दिवसांत नुसते डबे उघडल्याचे आवाज यायचे. साहेबांनाही ते दिसत होतं. जीव तोडून त्यांनी चकचकीत माहितीपत्रक छापून घेतलं. वर मोठ्या अक्षरात नाव होतं, ‘टर्मिनल कम्फर्ट’. खाली लिहिलं होतं, की या गादीवर पेशंट एकदा झोपला की पुन्हा उठायचं नाव घेणार नाही.

मी म्हटलं, ‘साहेब, हॉस्पिटलात टर्मिनल कुणाला म्हणतात, ठाऊक आहे ना?’

‘टर्मिनल म्हणजे शेवटचं ठिकाण. विमानतळावर असतं तसं,’ साहेब म्हणाले. ‘याच्यापुढे जायची गरजच नाही.’

‘तेच तर म्हणतेय मी!’

पण पत्रकं छापून झाली होती आणि हॉस्पिटलच्या मेट्रनबाई फाटकात येऊन उभ्या होत्या. (ॲक्सेस मॅनेजर बिल्ला पुसत होता. फाटक मीच उघडलं.) बाई उंच्यापुऱ्या, रात्रपाळी संपवून तशाच आलेल्या, डोळे लाल. नमुन्याच्या गादीच्या कडेला टेकल्या नि पत्रक वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचे कानही लाल झाले.

‘माझ्या वॉर्डातला पेशंट उठून घरी जावा म्हणून मी रात्र रात्र जागते,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तुम्ही मला हे देताय?’

काचेपलीकडे शिलाईवाल्या बायका मशिनं थांबवून बघत होत्या. अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? साहेबांनी समजावून सांगायला घेतलं. होलिस्टिक झालं, इकोसिस्टिम झालं, स्लीप जर्नी झाली. एका स्लीप जर्नीतून दुसरीत, कुठेही थांबा नाही. बाईंनी दोनदा मधे बोलायला तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा जांभईच बाहेर आली. मग त्या जराशा मागे रेलल्या. मग कोपरावर आल्या. आणि साहेब ‘पॅराडाइम’वर पोचले तेव्हा बाई चक्क आडव्या होऊन घोरत होत्या.

साहेब थांबले, तर बाईंची झोप चाळवली. मुकादम ओठांतल्या ओठांत म्हणाला, ‘साहेब, थांबू नका!’ आणि साहेब बिचारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. खरं सांगते, त्या घटकेला मला त्यांची माया वाटली. घसा बसेपर्यंत बोलला तो माणूस. चहावाल्या मावशींनी बाईंच्या पायांवर अलगद एक खोळ पांघरली.

बाई जाग्या झाल्या त्या ताज्यातवान्या. केस नीट केले, गादी तळव्याने दाबून बघितली, खोळ काढता येते का विचारलं. मी म्हटलं, काढता येते, धुता येते, आणि आता आटतही नाही. ‘पाठवून द्या सगळ्या वॉर्डांना,’ त्या म्हणाल्या. ‘पण दोन अटी. हा कागद माझ्या हॉस्पिटलात दिसता कामा नये. आणि गाद्यांबरोबर ह्या साहेबांना पाठवू नका, माझ्या नर्सेसना जागं राहायचं असतं.’

काचेपलीकडे एकदम सगळी मशिनं सुरू झाली. हिशेबाच्या बाई रडत होत्या, की हसत होत्या, कळलं नाही. मालकांना वाटतं, काम साहेबांच्या भाषणाने मिळालं, आणि नीट विचार केला तर ते खोटं तरी कसं म्हणायचं? साहेबांची बढती झाली. जाता जाता त्यांनी माझीही करून टाकली.

तर अशी इकडची हकीकत. ज्या शब्दाला साधा अर्थ पुरतो त्याला कोट-टाय घालून का मिरवायचं, या विचाराने मला अलीकडे झोप लागत नाही. मामींना नमस्कार, तुम्ही दोघं प्रकृतीला जपा, आणि भाचीवर लोभ आहे तसाच राहू दे.

तुमची भाची

ता.क. यापुढे लिफाफ्यावर नुसतं माझं नाव घालू नका. ‘सीनियर व्हाइस प्रेसिडेंट, कस्टमर हॅपीनेस ॲण्ड स्ट्रॅटेजिक एम्पथी’ असं पूर्ण लिहा, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. आमचं टपाल आधी खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंच्या हाती पडतं.

आणखी एक. मूळ काम लिहायचं राहिलंच. पुढच्या महिन्यात कंपनीच्या सभेत मला इंग्रजीतून भाषण करायचंय. पगारवाढ त्यावरच ठरणार, म्हणून ते तुम्ही लिहून पाठवा. फक्त कृपा करून तुमचं ते साधं, स्वच्छ इंग्रजी नको. कुणालाही चटकन कळेल असं एकही वाक्य त्यात येऊ देऊ नका. मला कळलं नाही तरी चालेल, मी पाठ करीन.