सुंगकेमची खुर्ची

क्लातेन, ता. ४ मे

चि. एंदांग हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

असली बोलणी फोनवर नकोत, म्हणून लिहितो. लारासच्या लग्नात सुंगकेमचा नमस्कार घ्यायला मी खुर्चीवर बसणार नाही. नातीने माझ्या गुडघ्यांवर डोके ठेवावे, माझे हात कपाळाला लावावेत आणि तिच्या मोगऱ्याच्या माळांवर त्यांचे पापुद्रे गळावेत, हा देखावा मला मान्य नाही. माझा धाकटा बंधू हार्सोनो बसेल.

सोरायसिसचे मलम नेमाने लावितो. तू पाठविलेली क्रीमची बाटली मात्र परत केली आहे. आयुष्यभर भट्टीपुढे काशाच्या घंटा ठोकून घडविणाऱ्याने नटव्या बाईसारखे हात चोपडू नयेत. शिवाय तेलकटपणा वुजूच्या पाण्यास अडवितो. म्हणून प्रत्येक नमाजापूर्वी कपड्यांच्या साबणाने, काथ्याने हात स्वच्छ घासतो. तरी भेगांतून रक्त येतेच. तुमच्या औषधात दम नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा पिता,
पार्तोविरोनो

समारांग, ता. ११ मे

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. स्वतःच औषध मोरीत धुऊन टाकता आणि वर त्यालाच नावे ठेवता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा घासण्याने धडधाकट माणसाचीही कातडी फाटेल. वुजू नुसत्या पाण्याने करा, हात हलके टिपा आणि ओलसर असतानाच क्रीम लावा. मलम रात्रीच्या नमाजानंतर. त्यात आणि क्रीममध्ये थोडा वेळ जाऊ द्या. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही, दोन्ही हवीत. आणि हा रोग कुणाला लागत नाही.

इमामसाहेबांनाही विचारले. मुरलेली क्रीम पाणी अडवत नाही म्हणाले. वर हसून म्हणाले, पार्तोभाऊंनी साबणाची कंपनी विकत घेतली की काय?

लारास हटून बसली आहे. आजोबा नसतील तर सुंगकेमच नको म्हणते. वरपक्षाला मी काय तोंड दाखवू? बाटली पुन्हा पाठवते आहे.

हट्ट सोडा, लेकीवरचा लोभ सोडू नका.

आपली,
एंदांग

क्लातेन, ता. २२ जून

चि. एंदांग हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितल्याप्रमाणे केले. साबण सोडला. पहिले काही दिवस काही फरक दिसेना, तेव्हा तुम्हा सर्वांस मनसोक्त दूषणे दिली. आता भेगा मिटल्या आहेत, पापुद्रे थोडेच गळतात. चट्टे गेलेले नाहीत. समूळ जातील असे डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत.

खुर्चीवर मीच बसणार, असे हार्सोनोस मी स्वतः कळविले. त्याने नवा बाटिकचा सदरा शिवून ठेविला होता. तो फुगला आहे. त्याची समजूत तू घाल.

लारासला सांगावे, हात लाल दिसतील. मी ते बाहीत लपविणार नाही. तिने कपाळ नीट टेकवावे, उठण्याची घाई करू नये.

सर्वांनी या म्हाताऱ्यास सांभाळून घ्यावे.

तुझा पिता,
पार्तोविरोनो